सत्य, वसंत, पाप वगैरे बाया

न्युरेम्बर्गहून म्युनिकला जायचं ठरलं ते सासऱ्यांमुळे. बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. दोन महिन्यांच्या मुक्कामात त्यांनी एकच हट्ट धरला होता: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची चित्रं प्रत्यक्ष बघायची. आणि त्यांचं परतीचं विमान तर दोन दिवसांवर आलं होतं.

तुम्हीही रविवारीच जा, संग्रहालय एका युरोत होतं. बायर्न टिकेट, म्हणजे राज्यभर चालणारं रेल्वेचं दिवसाचं तिकीट, पाच जणांत एकच चालतं. गाडी रमतगमत जाते, पण पोळीचे रोल निवांत खाऊन होतात. गाडीत मंदारने, म्हणजे आमच्या नवऱ्याने, संग्रहालयाच्या नकाशावर एका दालनावर फुली मारली. "तिथे नुसत्या उघड्या बायका आहेत. बाबांना अवघडल्यासारखं होईल," माझ्या कानात म्हणाला. हा माणूस ऑफिसातल्या जर्मनांबरोबर सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसून येतो, जिथे टॉवेल फक्त बुडाखाली घेतात!

आत गेल्यावर तो बाबांना गायी दाखवत सुटला. गायी, डोंगर, पुन्हा गायी. बाबांचा चेहरा पडत चालला. मंदार कॉफीच्या रांगेत लागला तशी मी म्हटलं, "बाबा, चला," आणि आम्ही फुलीवाल्या दालनात शिरलो.

भिंतभर बाया. खाली पाट्या: सत्य, वसंत, पाप. शेजारच्या चित्रांतले पुरुष मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून. त्या काळी साधी बाई उघडी रंगवली तर बोंबाबोंब व्हायची म्हणे. 'सत्य' म्हटलं की सभ्य मंडळी सहकुटुंब बघायला मोकळी.

"बाबा, सत्य बाईच का असतं?"

"रंगवणारे बाप्ये होते ना!" बाबा म्हणाले. "पायाची बोटं बघ, गारठलीत बिचारीची. हिला स्वतःचं नाव असेल की काहीतरी." मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांकडून वांगी आणि तांबे काढून घेतले गं. जिवंत माणूस समोर बसवून काढायचा राहूनच गेला."

तेवढ्यात मंदार शोधत आला. "बाबा, आल्झो..." अडखळला की तो जर्मनांसारखं 'म्हणजे' म्हणतो. "हे सगळं प्रतीकात्मक असतं."

"हो का," बाबा म्हणाले.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी पेन्सिलीला टोक केलं. "मंदार, शर्ट काढ. खिडकीपाशी बस."

मंदार लाजला, कुरकुरला, पण बसला.

"पोट आत ओढू नकोस. खोटं दिसतं."

बाबा भारतात परतले, चित्र आमच्याकडे राहिलं. उतरलेले खांदे, वाकलेली पाठ. आपला नवरा इतका दमलाय हे मला त्या कागदावर कळलं, याची लाज वाटते.

चित्र झाल्यावर मंदारने विचारलं होतं, "नाव काय देणार? श्रम? चिंता?"

"तुझंच," बाबा म्हणाले, आणि खाली लिहिलं: मंदार.