ताईचं गाणं आणि पाहुण्यांचा पंखा

एका संध्याकाळी दौलतगंजातल्या आमच्या गल्लीची सगळी वीज माझ्या हुकमात होती.

ताई दिल्लीच्या रेडिओवर गाणार होती. लग्न होऊन ती गेल्यापासून आईच्या कानावर तिचा आवाज पडला नव्हता, आणि आमच्या रेडिओतून तर घरघरच जास्त यायची. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होतो (म्हणजे, त्यात नापास होत होतो). "विजेच्या यंत्रांत ठिणग्या उडतात, त्यानं रेडिओ घरघरतो," असं मी जाहीर केलं.

"मग करव बंद सगळी! मुहल्ल्यात सांग, नानांचा हुकूम आहे!" आमचे वडील, म्हणजे नाना, गरजले. दरबारातली नोकरी संपली होती, हुकूम संपले नव्हते.

"भैया, आधा गेहूँ पिसा पड़ा है!" चक्कीवाला ओरडला. वैद्यबुवांनी मालिशचं विजेचं यंत्र रोग्याच्या अर्ध्या पाठीवर थांबवलं. (उरलेली पाठ घेऊन तोही आमच्याकडे आला.) ज्यांची यंत्रं बंद केली, त्यांना गाण्याला बोलावणं भागच होतं.

पाहुणे आले म्हटल्यावर नानांनी दरबारी रिवाजानं अत्तर लावलं, विडे दिले आणि कपाटातला विजेचा पंखा काढून सुरू केला. तो फक्त पाहुण्यांसाठी असे. घरच्यांनी घाम पुसायचा.

ताईचा यमन सुरू झाला. घर्रर्र!

"चक्की कुणी लावली?" नाना कडाडले.

"मैं तो यहीं बैठा हूँ!" चक्कीवाला म्हणाला.

पंख्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी त्याच्याच वाऱ्यात बसलो होतो. अंधारून आलं, मोगरा दरवळला. "वाह! तानपुरा काय मिळवलाय!" वैद्यबुवा डोळे मिटून पुटपुटले. त्या घरघरीवर सगळ्यांच्या माना डोलू लागल्या. ताई आतल्या खोलीत गुणगुणतेय असं मलाही वाटू लागलं.

आई तेवढी रेडिओला कान लावून बसली होती. "यात ताई कुठे आहे रे?" तिनं विचारलं. मला फार वाईट वाटलं.

गाणं संपलं, पाहुणे उठले, नानांनी लगेच पंखा बंद केला. आणि घरघर थांबली! "अभी आप सुन रहे थे..." निवेदकानं ताईचं नाव कसं खणखणीत घेतलं! सगळे पंख्याकडे बघू लागले, मग माझ्याकडे.

उन्हाळ्यात ताई माहेरी आली, नानांनी तिलाही पाहुण्यांचा पंखा लावला आणि ती आईसमोर गायला बसली.

"आधी तो पंखा बंद कर," आई मला म्हणाली.

"अगं, समोर बसून गाताना पंख्यानं काही होत नाही. शास्त्र असं सांगतं की..."

"राहू दे तुझं शास्त्र! मागच्या वेळी ताईच्या ऐवजी तेच ऐकलंय मी."