बाबांनी ओवलेली मनगटी

आमच्याकडे नातवंडाची मनगटी बाळंतिणीच्या आईनं ओवायची. काळे मणी, मधे एक पोवळं. बारशाला हातात बांधली की दृष्ट लागत नाही. माझी आई तर मी परकरात असतानाच गेली होती. त्यामुळे मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढल्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आगरदांड्याला आले, तेव्हा शेजारणींना आधी मनगटीचीच काळजी. "कोन ओवनार गो, बाय?" ओटीवर जाळं विणत बसलेले बाबा तिथूनच म्हणाले, "मी हाय ना."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला असा राग आला! माझ्या बापाच्या जाळ्यातून कोळंबी सुटत नाही, त्याला चार मणी ओवायला जमणार नाहीत होय?

पण नाहीच जमले. मणी मोहरीएवढे, बाबांनी चिमटीत धरले की दिसेनासेच व्हायचे. कासारणीनं दिलेल्या शिवणाच्या दोऱ्यात त्यांनी ते कसेबसे ओवले. मुलगी झाली, बारसं झालं, आणि चार दिवसांत दोरा तुटला. पाळणाभर मणी! एक तर पोरीच्या मुठीत सापडला. "तोंडात गेला असता म्हंजे?" असं म्हणत बाबा कितीतरी वेळ ती मूठ उघडून उघडून बघत राहिले.

मग त्यांनी दोराच बदलला. जाळ्याचा कोरा सणाचा दोरा घेतला, पीळ सोडवून त्यातला एक पदर काढला, टोकाला मेण लावलं. आता तुटायचं नाव नको. हातातून निसटू नये म्हणून बांधलीही अगदी बेताची. दुसऱ्या दिवशी पोरीला न्हाऊ घालून झोपवलं, आणि थोड्या वेळानं ती जी किंचाळली! बघते तर मनगटापासून पुढे हात जांभळा. सणाचा कोरा दोरा भिजला की आटतो, हे कोळ्याच्या घरात कुणाला सांगावं लागतं का? होडीच्या दोराला बाबा हे कधी विसरले नसते. मनगटीलाही पाणी लागणार, हे मात्र ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

त्यांनी सुरीनं दोरा कापला. पोरीच्या कातडीला सुरी लागू दिली नाही. तिचा हात हळूहळू पूर्ववत झाला. बाबा मात्र त्या दिवसापासून तिला शिवेनात. मी मांडीवर द्यायला गेले तर मागे सरकायचे. मग कळलं की त्यांनी खाडीपलीकडे दिघीला आत्याकडे निरोप धाडलाय: दोघींना घेऊन जा, बाईमाणूस नसलेल्या घरात बाळंतपण व्हत न्हाय.

माझं डोकंच फिरलं. आई नाही तिला माहेर कसलं, हे सासरी मी उठताबसता ऐकत होते. आता माझा बापच तसं म्हणायला लागला! "मी कुटं जायची न्हाय," मी ओरडले. "जाळं फाटलं तर दर्यात टाकून देता का, बाबा? चुकलं तर परत ओवा!" आणि पाळण्याची दोरी धरून हमसाहमशी रडले.

सकाळी उठून बघते तर आढ्याला सणाचा भिजवलेला पदर टांगलेला, खाली जाळ्याचं शिसं बांधलेलं. वाळला की बाबा परत भिजवायचे, परत वाळवायचे. आटायचा तेवढा आधीच आटू दे, हा हिशेब. मग मणी ओवले आणि दर मण्यामागे जाळ्याची गाठ मारली, तुटलंच तर एकच मणी पडावा म्हणून. एवढं करून मनगटी पोरीला बांधली नाहीच. स्वतःच्या अंगठ्यात अडकवली आणि मासेमारीला गेले! बंदरावर बायकांना आयतंच सापडलं. "तांडेल, बारसं कुनाचं, तुमचंच का?" "व्हय, घुगऱ्या खायला या," म्हणाले म्हणे.

आत्या आली ती घाईतच. परतीची होडी सुटेल म्हणून आल्या आल्या तिनं पोरीची दुपटी गोळा करून गाठोडं बांधलं. तेवढ्यात बाबा दर्यावरून आले. अंगठ्यातली मनगटी काढून गोड्या पाण्यात धुतली, आणि इतक्या दिवसांनी पोरीला मांडीवर घेतलं. मनगटी बांधली. आत करंगळी घालून बघितली. वर पाणी शिंपडलं आणि ते वाळेपर्यंत तिचा हात आपल्या तळव्यावर घेऊन बसून राहिले.

"दादा, तुझ्या लेकीला उठव रे," आत्या म्हणाली.

बाबांनी मान वर केली नाही. "तुझे वैनीला सगलं इचारून ठेवाया पायजे व्हतं," ते म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय काढलेला मी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "शिकाया उशीर लागला, पन शिकलो. लेक येत न्हाय. आय न्हाय तिला, पन बाप हाय."

मी आत्याच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं आणि सगळी दुपटी परत पाळण्यात टाकली.