चौथ्या टेबलावरचं रीडिंग

वाल्मीक अहिरे सत्तावीस वर्षं आमच्या कॉलेजात लॅब असिस्टंट आहेत आणि मी तिथे आयसी डिझाइन शिकवते. म्हणजे कागदावर मी शिकवते. चिप जोडायची कशी, गरम झाली तर चुकलं कुठे, हे पोरं त्यांच्याकडूनच शिकतात. सटाण्याहून आयटीआय करून आलेला हा माणूस चिपवर बोट टेकवून सांगतो, ही गेली. आणि ती गेलेलीच असते. वाद घातलात तर ऐकवतो, मीटर काय कोणाचा जावई नाय, मान दिला म्हणून जास्त दाखवायला.

आमच्याकडच्या प्रॅक्टिकलचं मात्र विचारू नका. गेल्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे यंदाची मुलं उतरवतात आणि आम्ही सही ठोकतो. सगळ्यांना ठाऊक, सगळे गप्प. मीही त्यातलीच, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

यंदा मे महिन्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. दहा टेबलं, दहा मुलं, सगळ्यांना एकच प्रयोग. इन्व्हर्टर चिप म्हणजे आत येईल त्याच्या उलट बाहेर देणारी. तिला आत व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं आणि बाहेरचं कुठे पलटी खातं ते लिहायचं. पुस्तकाप्रमाणे ते अडीच व्होल्टला व्हायला हवं. नऊ पेपरांवर अडीच होतं. चौथ्या टेबलावरच्या सृष्टी पगारेने दीड लिहिलं होतं.

दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक तिच्यापाशी थांबले. जोडणी तरी नीट येते का, म्हणून त्यांनी तिला सगळं सोडवून पुन्हा जोडायला लावलं. तारा दोनदा निसटल्या. तरी पुन्हा दीडच आलं. परीक्षकांनी मार्कांचा कागद पुढे ओढला. चार वर्षं शिकून चिप जोडता येत नसेल तर मी पास करणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

सृष्टीला पुण्याच्या एका चिप डिझाइन कंपनीत नोकरी लागली होती. अट एकच, एकही विषय राहता कामा नये. तिचे वडील धम्मपाल पगारे नाशिक रोडला एका शाळेत कारकून आहेत. आठच दिवसांपूर्वी येऊन अख्ख्या विभागाला पेढे देऊन गेले होते.

"सर, मीटरवर दिसलं तेच लिहिलंय," एवढं म्हणून ती रडायलाच लागली.

मग बाकीचे नऊ जण खोटे का, असं परीक्षकांनी विचारलं. नऊही माना खाली. खरं काय ते मला माहीत होतं.

जानेवारीत नव्या चिपचं खोकं फोडलं त्याच दिवशी वाल्मीकभाऊ माझ्याकडे आले होते. या वेगळ्या जातीच्या आल्यात, दीडलाच पलटतात, जर्नलमधला आकडा बदलून घ्या म्हणाले. कॉलेजची तपासणी तोंडावर आलेली, मी फायलींत बुडालेली. म्हटलं, यंदा राहू द्या, अडीचच चालू द्या. नऊ जणांनी तेच चालवलं. या एका पोरीने मीटर बघितला.

आता तोंड उघडलं तर नऊ जणांचे पेपर रद्द आणि माझी चौकशी. परीक्षकांनी पेन उघडलं. मी गप्प राहिले. सांगायला लाज वाटते, पण राहिले.

तेवढ्यात कपाटापाशी उभे असलेले वाल्मीकभाऊ पुढे आले. त्यांनी सृष्टीचा मीटर उचलला, पहिल्या टेबलावर लावला आणि परीक्षकांसमोर नॉब फिरवायला घेतला. एक. सव्वा. दीडला काटा धाडकन खाली आला. दुसऱ्या टेबलावर तेच, तिसऱ्यावर तेच. जीव वरखाली झाला की त्यांना अहिराणी सुटते.

"पोरनं रीडिंग खरं शे, साहेब."

परीक्षकांचा चेहरा लाल झाला. मुलांना अडीच लिहायला सांगितलं कोणी, असं त्यांनी विचारलं.

"मी," वाल्मीकभाऊ म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत त्यांच्या. या वयात चौकशी मागे लागली की माणूस किती फरफटतो, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

सृष्टी डोळे पुसायची थांबली. वाल्मीककाका असं सांगणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ती नजर मला सोसवेना.

"ते खोटं बोलतायत," मी म्हटलं. "त्यांनी जानेवारीतच मला सांगितलं होतं. मीच नको म्हटलं."

परीक्षक खुर्चीत बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. सृष्टी पास झाली. नऊ जणांची परीक्षा जेवणानंतर पुन्हा झाली, आणि माझ्या नावाचा अहवाल विद्यापीठात गेला. व्हायचं ते होईल.

मुलं गेल्यावर वाल्मीकभाऊ चिपचे वाकलेले पाय टेबलावर दाबून सरळ करत बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत? मी बोललेच ना शेवटी. खरं सांगते, चार बरे शब्द ऐकायला मिळतील असं मला वाटलं होतं.

त्यांनी मान वर केली नाही.

"जानेवारीत बोलल्या असत्या मॅडम, तर पोर रडली नसती."