दवाखान्याच्या भिंतीतले तूस

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चौक गावापुढील धर्मार्थ दवाखान्याच्या बांधकामाचा करार झाला. त्याचा मसुदा लिहिणारा वकील मी. पौषी अमावास्येच्या आदल्या दिवशी तेथील बाळंतिणींच्या खोलीचा गिलावा ओला असतानाच खरवडून काढण्यात आला. हुकूम देणारे ओव्हरसियर. माघातल्या दुसऱ्या सोमवारी राघो गवंड्यास ‘भेसळ करणारा’ ठरवून कामावरून काढल्याचा ठराव झाला. त्याखाली सही दवाखाना समितीच्या चिटणिसांची. ठरावाची प्रत कर्जत आणि खालापूरच्या चावड्यांवर लावण्यात आली. ती लावावी हा सल्लाही माझाच. इतके नमूद करून मी प्रवासाकडे वळतो. हा प्रवास मी चैत्राच्या अखेरीस केला. तो कार्तिकात करावयास हवा होता.

निमित्त झाले दवाखान्यातील नर्सबाईंच्या पत्राचे. ‘खोली भाजते, कोणी राहत नाही,’ एवढेच त्यात होते. समितीने ते दप्तरी दाखल केले. मी पुण्याहून सकाळच्या गाडीने निघालो.

घाट उतरताना हवा जड होत गेली. पळसदरी मागे पडली आणि दोन्ही बाजूंस भाताची रिकामी खाचरे दिसू लागली. मधूनच काळे चौकोन होते. तो राब (रोपांसाठी पालापाचोळा घालून भाजलेली जमीन), असे शेजारच्या प्रवाशाने सांगितले. कर्जतला उतरून स्थानकाबाहेरील खानावळीत तांदळाची भाकरी आणि बिरडे (मोड आलेल्या सोललेल्या वालांची उसळ) खाल्ले. जेवण उत्तम होते. मन लागले नाही.

चौककडे जाणारी बस युद्धामुळे पेट्रोलवाचून कोळशाच्या वायूवर चालते. पाठीमागे भट्टी जोडलेली असल्याने मागच्या बाकावरील माणसे अर्धी भाजून निघतात. पहिल्याच चढावर ती थांबली. सर्व जण ढकलावयास उतरले, तसा मीही उठलो.

“तुमी बसा, म्हातारबा,” ड्रायव्हर म्हणाला.

“बसू दे रं त्यांना,” टोपलीवाली एक बाई खालून ओरडली. “ते उतरले तरी काय? खरं वजन त्या पिशवीतल्या कागदांचं हाय!”

सारे हसले. पिशवीत कराराची प्रत होती. मी हसलो नाही.

दवाखाना दुपारी गाठला. सिमेंट परमिटावाचून मिळत नसल्यामुळे इमारत सगळी चुन्यात बांधलेली आहे. दुरून पाहिली तर कोणीही समाधान पावेल: भिंती ओळंब्यात, गिलावा आरशासारखा. बाळंतिणींची खोली पश्चिमेस आहे आणि तिच्यात दोन रिकाम्या खाटा होत्या. नर्सबाईंनी खिडकीच्या फळीवरची मेणबत्ती दाखवली. रॉकेल मिळत नाही म्हणून ठेवलेली. ती न पेटवताच कमरेत वाकून भिंतीला चिकटली होती.

“हात लावा भिंतीला,” त्या म्हणाल्या. मी लावला आणि लगेच काढून घेतला.

बाहेर आंब्याखाली दिवस भरत आलेली एक मुलगी आणि तिची सासू बसली होती. सासू गाडी जुंपावयास सांगत होती.

“आत खाट आहे, बाई,” मी म्हणालो.

“खाट हाय, पन आत बसलं की पोर शिजूनच बाहेर येल,” सासू म्हणाली. “आमचं कुडाचं घर बरं. चल गं.”

त्या गेल्या. घरी काही अडले तर तिच्याजवळ कोण असणार, हा प्रश्न मी नर्सबाईंना विचारला नाही. त्यांनी उत्तर दिले असते.

दुसऱ्या दिवशी कर्जतला परतून जवळच्या कोंडाणे गावाची वाट धरली. राघो गवंडी तेथे राहतो. अंगणात शिरून दवाखान्याचे नाव काढताच त्याच्या बायकोने आत वर्दी दिली, “अवो, या बाहेर! भिंतीवर कागद चिकटवनारे आले. आता आपल्या दाराला चिकटवत्याल.”

राघो बाहेर आला. पाणी दिले, आत बसवले. दुपारचे दोन वाजले होते, पश्चिमेची भिंत उन्हात होती, आणि मी तिला पाठ टेकून बसलो तरी तिचा ताप मला जाणवला नाही. ते माझ्या ध्यानात येताच मी वळून भिंतीवर हात ठेवला.

“यात काय आहे?” मी विचारले.

“तूस (भाताचे टरफल). तुमची भेसळ.”

मग त्याने सारे सांगितले. नुसते तूस चुन्यात घातले तर कुजते आणि गिलावा सुटतो. त्याचे स्वतःचे दोन गिलावे असे पडले होते. म्हणून तो आता तूस तीन दिवस चुन्याच्या निवळीत बुडवतो, उन्हात वाळवतो, मग घाणीत (बैलाने फिरवायच्या चुन्याच्या चक्कीत) घालतो. या मिश्रणाचा जाड थर आत आणि वर निव्वळ चुन्याचा पातळ हात. बाळंतिणींच्या खोलीत त्याने हेच केले होते; ते खरवडून तेथे नुसता चुना-वाळूचा गिलावा देण्यात आला.

“तूस पोकळ असतंय, साहेब. उन्हाला भिंतीतनं चालाया वाट गावत नाय.”

“हे ओव्हरसियरांना सांगितले होतेस?”

“सांगितलं की. तो बोलला, तुझं खरं असंल, पन कागदात नाय.”

तो कागद माझा. ‘चुना व वाळू यांव्यतिरिक्त कोणताही पदार्थ मिसळल्यास ती भेसळ समजावी.’ चुन्यात माती मिसळणाऱ्या एका ठेकेदाराविरुद्ध मी कधी काळी दावा लढलो होतो. तेव्हापासून हे कलम प्रत्येक करारात घालीत आलो. हे कलम लिहिताना एकाही गवंड्यास विचारले नाही.

“खोली फिरून लिंपून देतो,” राघो म्हणाला. “पन आदी चावडीवरचा कागद काढा. दोन म्हयने झाले, कुनी गोठ्याचं कामबी देत नाय. भेसळवाला म्हनत्यात.”

मी क्षमा मागितली. त्याची बायको म्हणाली, “त्योच शब्द कागदावर लिवा.”

पुण्यास परतल्यावर तो मी लिहिला, आणि ठराव मागे घ्यावा अशी समितीस रीतसर विनंती केली. उत्तर एका ओळीत आले: करारातील कलम स्पष्ट असल्याने प्रकरण संपले आहे. माझेच कलम मला दाखवण्यात आले. हयातभर मी नेमके शब्द शोधले. त्या शब्दांनी एका कसबी माणसाची थापी हातातून काढून घेतली आणि एका दिवस भरत आलेल्या मुलीला भर उन्हात गाडीत बसवले. ती सुखरूप सुटली की नाही, हे मला अद्याप कळलेले नाही.

वैशाख लागला आहे. राघो काम करावयास तयार आहे आणि तूस प्रत्येक खळ्यावर पडलेले आहे. आड येतो तो एक ठराव. माझी चूक मी येथे सहीनिशी छापून दिली आहे. चिटणीस आणि ओव्हरसियर यांनी एक दुपार त्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून बसावे, आणि मग याच मासिकातून, आपल्या नावानिशी, सांगावे: भेसळ राघोने केली काय?