तपासणीच्या आधीचे चार दिवस

मधुमेहाच्या गोळ्यांची डबी उघडली की येणारा मासळीसारखा वास मला आमच्या सौंसर गावातल्या त्या दुपारी नेतो. आई लोकांच्या वावरात कापूस वेचायची, बाबा संत्र्याच्या पेट्या भरायचे. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, म्हणून बाबांच्या साखरेचं सगळं मीच पाहायची. दर महिन्याची उपाशीपोटी तपासणी चांगली यायची आणि मी तो कागद साऱ्या नातेवाइकांना मिरवून दाखवायची. त्या दुपारी संत्र्यांच्या पेटीत घालायचं तणस, म्हणजे वाळलेला पेंढा, उचललं, तर खाली गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या. "बाबा, ह्या काऊन इथं?" संत्री पुसता पुसता बाबा म्हणाले, "तपासणीच्या आधी चार दिवस घेतो ना. रोज घेतली का आदत पडते." मी आईकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "तू एवढी खूश होऊन राहिली होती, कोन सांगन तुले?" बाबांचं एक वेळ समजलं असतं, पण आईही त्यात सामील होती, आणि दोघांनी मिळून मला वेडं बनवलं होतं. तोवर साखर वाढलेलीच राहिली होती; पुढे पायाला झालेली साधी जखम चिघळून बाबांचा अंगठा काढावा लागला. आता ते रोज गोळी घेतात, आणि पाय वाचला आहे.