लाल पेन्सिलीची सही

छापखान्यात किस्से रद्दीसारखे साचतात. फेकायला काढले की त्यातलाच एखादा पुन्हा वाचत बसतो आपण!

सातवीतून शाळा सोडून मी नव्या पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी म्हणून लागलो. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, इंग्रजीची एक जरी चूक छापून गेली, तर परत गावाकडची, वळसंगची एसटी धरायची.

*

प्रूफं तपासायला मल्लेशप्पाअण्णा होते. तपासलेल्या प्रूफावर लाल पेन्सिलीनं सही करायची आणि ज्याची सही त्याची चूक, हा तिथला रिवाज. अण्णा चूक तोंडानं सांगत नसत, शब्दाशेजारी चित्र काढत. वह्या-पेनांच्या दुकानाचं लेटरहेड मी जुळवलं, तेव्हा 'स्टेशनरी'त एक अक्षर चुकलं आणि अर्थ झाला 'जागचा न हलणारा'. अण्णांनी शेजारी बसकण मारलेला बैल काढला!

*

खाणावळीच्या कार्डावर मी गोड पदार्थांच्या जागी वाळवंट जुळवलं. 'डिझर्ट'मधला एक 'एस' राहिला, एवढाच फरक. प्रूफ परत आलं, त्यावर खिरीच्या वाटीत तोंड घातलेला उंट! मशीनवाले आठवडाभर मला उंटवाले म्हणत होते. तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे.

*

'क्वाएट' म्हणजे गप्प आणि 'क्वाइट' म्हणजे बऱ्यापैकी. मला दोन्ही सारखेच दिसत. अण्णांनी पहिल्याशेजारी तोंड मिटलेला माणूस काढला, मोठ्या कानांचा.

"ह्यो तूच की," अण्णा म्हणाले. "कोण आलं की गप. आता इसरतोस का बघू."

नाही विसरलो.

*

एकदा मालकांनी असेच जोडीचे शब्द तोंडी सांगून मला लिहायला लावले. माझी पेन्सिल हलेना. अण्णा म्हणाले, "मालक, त्याचं इंग्रजी बोटात हाय. खिळे द्या की." मग ते एकेक चित्र सांगत गेले आणि माझा हात बरोबर त्या त्या खणात जात गेला. मालक चहा सांगायला गेले.

*

मग शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका आली. अण्णा दुपारीच मैंदर्गीला भाचीच्या लग्नाला गेले. काम घाईचं, म्हणून संध्याकाळी मीच प्रूफ तपासलं आणि भीतभीत पहिल्यांदा लाल सही केली.

चार दिवसांनी मालक पत्रिका घेऊन आत आले. अण्णा आदल्या दिवशीच परतले होते. मुख्याध्यापकांच्या नावाखाली 'प्रिन्सिपल'चं स्पेलिंग चुकून 'तत्त्व' छापलं होतं. मालकांनी तारेला टोचलेलं प्रूफ काढलं, सही पाहिली आणि माझ्याकडे न वळता ते अण्णांकडे वळले.

"अण्णा, तुमच्याकडून?"

"म्हातारा झालो, मालक," अण्णा म्हणाले.

मी पुढे झालो. चूक माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. अण्णांनी मालकांच्या हातातलं प्रूफ घेऊन माझ्यापुढे धरलं. माझ्या बारक्या सहीवर त्यांची ठसठशीत लाल सही होती.

सहीशेजारी तोंड मिटलेला माणूस होता, मोठ्या कानांचा.