जाळीतले पंख

जुन्या इंग्रजी दफनभूमीतली कोरीव थडगी पाहायला गेले होते. एका तरुण बाईच्या थडग्यावर पंख पसरलेली संगमरवरी परी उभी होती आणि तिच्या चारही बाजूंनी लोखंडी जाळी. मला तिथेच थबकलेली पाहून रखवालदार म्हणाला, "लोक पंख फोडून न्यायचे, ताई. जाळी लावली म्हणून वाचले."

वाचले होते खरे. पंखांची टोकं जाळीला टेकली होती. जपणं म्हणजे काय असतं, हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं.

जाळीच्या भोकातून मोबाईल आत घातला आणि खालून वर फोटो काढला. फोटोत नुसती परी आणि आभाळ. तो आईला पाठवला.

"किती मोकळी उभी आहे गं," आईने लिहिलं.

सासरच्या घरातले माझे फोटोही मी तिला असेच काढून पाठवते.